छपराचा पूल आणि माझं लेझीम

अमेरिकेनं तुम्हाला काय दिलं, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी अधूनमधून कुणीतरी उत्साही मुलगी फोनवर रेकॉर्डिंग चालू करून माझ्यासमोर बसते, हाच प्रश्न विचारते, आणि मी शिक्षण, मोकळेपणा, डिशवॉशर असं काहीबाही सांगते. मी अमेरिकेला काय दिलं, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. ते बरंच आहे, कारण उत्तर फार लहान आहे. मी या देशाला एक पाटी दिली. लाकडाची आहे, परातीएवढी आहे, पांढऱ्या रंगावर काळी अक्षरं आहेत, आणि मिशिगनमधल्या ऑल्डर क्रीक नावाच्या गावात एका जुन्या पुलाच्या तोंडाशी ती अजून टांगलेली आहे. तिच्यावर काय लिहिलंय ते यथावकाश सांगते. आधी पूल.

साताऱ्याहून आम्ही तिथं जाऊन पडलो तेव्हा मी नुकती नववीत गेले होते. बाबा मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागले होते. कारखाना ॲन आर्बरच्या बाहेर होता आणि ॲन आर्बरमधली घरभाडी ऐकून आईनं कपाळाला हात लावला होता, म्हणून आम्ही गाडीनं तासाभरावरच्या या खेड्यात, ओढ्याच्या पलीकडचं एक लाकडी घर घेतलं. तिथं घर लाकडाचं, शाळा लाकडाची, चर्च लाकडाचं. या लोकांनी वीट पाहिलेलीच दिसत नाही, असं आई म्हणायची. लाकडाचा एक तोटा तिच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आला. तिनं कांदा-खोबरं भाजलं की तो वास भिंतींमध्ये जाऊन बसायचा आणि नंतर दोन-दोन दिवस बाहेर यायचा. दारामागे टांगलेले आमचे कोट तर कायमचे फोडणीत पडल्यासारखे होते. बसमध्ये माझ्या शेजारची मुलगी एकदा भाबडेपणानं म्हणाली की तुझ्या कोटाला जेवणाचा वास येतो आणि मला त्यामुळे भूक लागते. आज मला ती तारीफ वाटते. तेव्हा मी महिनाभर थंडीत कोटाशिवाय फिरले आणि सर्दीनं अंथरूण धरलं.

घर आणि बसथांबा यांच्यामध्ये तो पूल होता. बाहेरून धान्याच्या कोठारासारखा दिसायचा: तांबड्या फळ्यांच्या भिंती, वर उतरतं छप्पर, दोन्ही टोकांना दार नसलेली दारं. आत शिरलं की एकदम अंधार आणि गारवा, आणि दोन्ही बाजूंना जाड फळ्या तिरप्या एकमेकींवर टाकून केलेली मोठी जाळी. जिथं दोन फळ्या एकमेकींना छेदतात तिथं मनगटाएवढी लाकडी खुंटी ठोकलेली. लोखंड जवळजवळ नाहीच. आईनं तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिनं तोंडाशी थांबून चपला काढल्या. तिला ते देऊळ वाटलं. बाबा हसले, मी तर लाजेनं चार पावलं पुढे निघून गेले. पण एकदा हात जोडले गेल्यावर ते परत कसे घ्यायचे, हा प्रश्न आईला पडला असावा, कारण पुढेही पुलात शिरताना ती पदर सावरायची आणि बोलणं थांबवायची.

एवढं छप्पर कशासाठी, असं तिनं विचारलं तेव्हा बाबांनी तिथंच उभं राहून तास घेतला. छप्पर माणसांसाठी नाही, पुलासाठी आहे. उघडं लाकूड भिजतं, वाळतं, पुन्हा भिजतं आणि थोड्याच वर्षांत कुजतं; तेच कोरडं ठेवलं तर माणसाच्या दोन-तीन पिढ्या सहज बघतं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे इथं पुलाला छत्री आहे आणि आपल्या गाडीला नाही.

पुलाचा मालक म्हणावा असा माणूस डॉक्टर पेल्टन. मालकी अर्थात काउंटीची, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्याची; पण जीव डॉक्टरांचा. ते निवृत्त दंतवैद्य होते. रोज सकाळी पँटचे पट्टे दोन्ही खांद्यांवर ओढून, हातात लहानसा लाकडी हातोडा घेऊन यायचे आणि एकेक खुंटी वाजवत जायचे. टक्, टक्, टक्. आवाज घट्ट आला की पुढची. एखादा पोकळ वाटला की थांबून कान लावायचे. आयुष्यभर जे केलं तेच ते करत होते, फक्त आता रोगी ओरडत नव्हता. त्यांनी पूल वाचवायला एक मंडळही काढलं होतं. त्यात ते स्वतः होते, सभेला सफरचंदाचा पाय, म्हणजे तिकडची गोड सारण भरलेली भाजणी, करून आणणारी त्यांची बहीण होती, आणि एक गृहस्थ होते जे कधीच आले नाहीत.

मला बसची वाट पाहत पुलात उभं राहायची सवय लागली आणि डॉक्टरांना श्रोता मिळाला. तोंडावरची घोड्यांची जुनी पाटी त्यांनीच मला वाचून दाखवली: या पुलावर घोडे चालवत न्यावेत, दौडवू नयेत, नाहीतर दंड. पूर्वी हिवाळ्यात बर्फावरून घोड्यांच्या बिनचाकी घसरगाड्या जात तेव्हा पुलाच्या आत बर्फ नसे म्हणून गाव एक माणूस नेमून बाहेरचं बर्फ आत टाकून घेई, हेही त्यांनीच सांगितलं. मी ते घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, थापा आहेत. मग पहिला हिवाळा आला, रोज सकाळी गाडीभोवतीचं बर्फ उपसून बाबांची कंबर धरली, आणि पैसे देऊन बर्फ आत टाकून घेणाऱ्या लोकांचा विचार करून ते चहा पिताना एकटेच हसायला लागले.

तर हा पूल मरणार होता. ओढ्यावर थोडं खाली सिमेंटचा नवा पूल झाला होता, जुन्यावरून गाड्या बंद झाल्या होत्या, आणि ज्यावरून काही जात नाही त्याची डागडुजी का करायची, असं काउंटीचं म्हणणं होतं. ऑक्टोबरात त्यांचा इंजिनिअर येऊन पाहणी करणार होता. पूल धोक्याचा ठरला तर उतरवून टाकायचा. डॉक्टरांना वाटायचं, पूल वापरात आहे, माणसं त्यात जमतात, एवढं जरी दिसलं तरी त्याला हात लावणं त्यांना जड जाईल. पण वापरणार कोण? मी, आई आणि छपरातल्या पाकोळ्या.

इथं माझ्या लेझमीकडे वळायला हवं. अमेरिकन शाळेत मला काहीही येत नव्हतं. व्हॉलीबॉल माझ्या हातापेक्षा तोंडावर जास्त बसायचा. बर्फावर स्केट्स घालून मी उभी राहिले ती थेट बसलेच. पण साताऱ्याच्या शाळेत मी लेझीम पथकात होते, पहिल्या रांगेत, आणि प्रभातफेरीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक बघायचे. ॲन आर्बर आणि आसपासच्या मराठी मंडळींचं मंडळ नुकतंच उभं राहत होतं. त्याचे अध्यक्ष बापटकाका. भरघोस माणूस, ढोल वाजवण्यात पटाईत आणि थांबण्यात कच्चा. ते पुण्याला गेले असताना बॅग भरून लेझमी घेऊन आले. विमानतळावर कस्टमच्या माणसानं एक लेझीम उचलून खुळखुळवली आणि हे शस्त्र आहे का, असं विचारलं. काकांनी त्याला तिथंच दोन हात करून दाखवले. त्यांना तासभर बसवून ठेवलं होतं.

गणपतीला मुलांचं लेझीम बसवायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या डोक्यात जी हवा गेली ती विचारू नका. आमच्या मागच्या गवतावर दर रविवारी पोरं जमायची. सगळी इथंच जन्मलेली किंवा इथंच बोलायला शिकलेली. मी गळ्यात शिट्टी अडकवून, वेणी घट्ट घालून, साताऱ्याच्या आमच्या सरांच्या आवाजात त्यांना झापायची. त्यांच्या आयांना वाटायचं, काय शिस्त आहे मुलीची. खरं म्हणजे ती शिस्त नव्हती. सबंध आठवडा शाळेत मी गप्प बसायची, आणि रविवारी कुणीतरी माझं ऐकत होतं. पण एक मान्य करावंच लागेल, की त्या पोरांची पावलं मी अशी जुळवली होती की डोळे मिटले तर एकच मोठा प्राणी चालतोय असं वाटावं. पुढे जे झालं ते याच गुणामुळे झालं.

गणपती अर्थातच सोयीच्या शनिवारी बसायचे होते, एका शाळेच्या व्यायामशाळेत. आदल्या आठवड्यात तिथला पाण्याचा पाइप फुटून जमीन फुगली आणि शाळेनं बुकिंग कॅन्सल केलं. फोनवर फोन झाले. हॉल कुठेच नाही. आणि मग बाबांनी जेवताना हातातला घास तसाच ठेवून आईकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझं ते देऊळ आहे की."

डॉक्टर तयार नसतील असं आम्हाला वाटलं होतं. ते इतके खूश झाले की बाबांचा हातच सोडेनात. त्यांच्या आजोबांच्या काळात पावसात चर्चची जेवणं पुलातच होत, असं ते म्हणाले. अटी तीन घातल्या: लाकडात एकही खिळा मारायचा नाही, कुठलीही ज्योत पेटवायची नाही, आणि पूल वजन पेलेल याची हमी इंजिनिअर म्हणून बाबांनी द्यायची. बाबांनी किराण्याच्या कागदी पिशवीवर हिशेब मांडला. मोठं माणूस असो की पोर, प्रत्येक जण बापटकाकांएवढा धरला, वर गणपती, टेबलं, मसालेभाताची पातेली धरली, आणि तरीही पूल हसत उभा राहील असं उत्तर आलं. गणित बरोबर होतं. त्यात सगळी माणसं उभी होती, एवढंच.

ज्योतीच्या अटीवरून मात्र घरात खल झाला. निरांजनाशिवाय आरती कशी करायची? शेवटी आईनं ताम्हनात बॅटरी आडवी ठेवून ओवाळून पाहिली आणि उजेड सगळ्यांच्या डोळ्यांत गेला. मग तिनं बॅटरीवर तांदूळ धुवायची गाळणी पालथी घातली. पुढची पंचवीस वर्षं आमच्या मंडळात ती गाळणी जपून ठेवलेली होती. कापूर बाहेर काठावर लावायचा, नारळ पुलाच्या दगडी पायथ्याशी फोडायचा असं ठरलं. मोदकांसाठी मिळालेलं तांदळाचं पीठ काही केल्या कळ्या धरेना, तेव्हा सगळ्या मावशी-काकूंनी मिळून त्याला अशी नावं ठेवली की मी मराठीतले काही शब्द त्या दिवशी प्रथम ऐकले. मोदक शेवटी झाले. दिसायला लाडू होते.

शनिवार उजाडला तोच भुरभुर पाऊस घेऊन. गाड्या लांब रस्त्यावर लागल्या आणि रेशमी साड्यांवर रेनकोट घातलेल्या बायका चिखलातून डबे घेऊन आल्या. पुलाच्या मध्यावर टेबल, त्यावर जरीचं कापड, त्यावर शाडूचा लहानसा गणपती. वर जाळीच्या फटींतून येणारा पावसाळी उजेड. डॉक्टर पेल्टन कोट आणि टाय घालून आले होते आणि आग विझवायचं लाल नळकांडं काखेत धरून आरतीभर उभे होते. गावातली काही माणसंही आली होती, बिचकत. डॉक्टरांची बहीण सफरचंदाचा पाय घेऊन आली होती आणि तो नैवेद्यात ठेवला गेला. आई मला म्हणाली, बघ, देऊळच आहे की नाही. मीही त्या दिवशी चपला बाहेर काढून आले होते. का ते माहीत नाही.

लेझीम बाहेर काठावर व्हायचं होतं. पण पाऊस थांबेना, पोरं कंटाळली, काकांचा हात ढोलावर वळवळायला लागला आणि कुणीतरी म्हणालं, आतच करू या की. मी डॉक्टरांना विचारलंसुद्धा. त्यांना वाटलं, लहान मुलं हात धरून गोल फिरतील तसं काही असेल. ते म्हणाले, जरूर.

मी शिट्टी फुंकली. लाकडी जमीन, लाकडी भिंती, लाकडी छप्पर. त्या ढोलाचा आणि लेझमींचा जो आवाज झाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. पोरं बेभान झाली. मग त्यांचे बाप मागे येऊन उभे राहिले, पुण्या-नागपूरचे, सगळ्यांचे पाय कधीकाळी शाळेत याच तालावर पडलेले. मग काकू, मावश्या. सगळा पूल एका तालात. आणि मग एक गंमत घडली. पाऊल टेकायच्या आधीच खालची फळी ते घ्यायला वर येऊ लागली. एक पाऊल, फळी वर. दुसरं पाऊल, फळी वर. आपण जमिनीवर नाचत नसून जमीन आपल्याबरोबर नाचते आहे असं वाटलं, आणि देवाशपथ सांगते, मला वाटलं ही माझी कला आहे. साताऱ्यात असं कधी झालं नव्हतं. मी मनात म्हटलं, आज अंगात आलं.

तेवढ्यात गर्दीच्या टोकाला डॉक्टर दोन्ही हात वर करून ओरडताना दिसले. मला वाटलं, वाहवा देताहेत. मी शिट्टी फुंकून लय वाढवली.

छपरातून धूळ पडायला लागली, मग पाकोळ्यांचं एक जुनं घरटं मोदकांवर आलं. भिंतींची जाळी डावीकडे झुकत होती, उजवीकडे झुकत होती. टेबलावरचा गणपती हळूहळू कडेकडे चालू लागला आणि आईनं झेप घेऊन तो उचलून छातीशी धरला. आणि तेव्हा बाबांना आठवलं. कॉलेजच्या परीक्षेत त्यांनी हाच प्रश्न सोडवला होता: पुलावरून जाताना सैनिक कवायतीची पावलं का मोडतात? पूर्ण गुण मिळाले होते. नंतर ते आईला सांगत होते की प्रश्न सैनिकांबद्दल होता, त्यात गणपती नव्हते.

"ताल तोडा!" बाबा ओरडले. "स्टेप तोडा, सगळ्यांनी वेगवेगळे नाचा!"

कुणालाही ते जमेना. ढोल चालू असताना मराठी माणसाला मुद्दाम बेताल नाचता येत नाही, हे मी अनुभवानं सांगते. प्रत्येकानं एक पाऊल चुकवलं आणि लगेच सगळे पुन्हा एकत्र आले. बापटकाका डोळे मिटून वाजवत होते. बाबांनी धावत जाऊन त्यांच्या हातातली टिपरी हिसकावली तेव्हा ते थांबले. आम्ही थांबलो. पूल थांबला नाही. तो आणखी थोडा वेळ स्वतःशीच झुलत राहिला, कुरकुरत, आणि मग सावकाश उभा राहिला. त्या शांततेत भिंतीतून एक खुंटी सुटली, जमिनीवर आपटली आणि गडगडत माझ्या पायाशी आली. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. आम्हाला नाचता येत होतं, आणि आम्ही अंगण वाकडं करून दाखवलं होतं.

सगळ्यांना बाहेर काढलं. कुणाला ओरखडासुद्धा नव्हता. मी मात्र काठावर पावसात बसून रडत होते. मला दिसत होतं, की काउंटीचा माणूस आता येईल, पूल हलला हे ऐकेल आणि संपलं. ज्या एका माणसानं या गावात मला माझं नाव नीट उच्चारायचं कसं असं विचारलं होतं, त्याचा पूल मी मोडला होता, आणि तोही शिट्टी वाजवून.

डॉक्टर आत एकटेच होते. टक्, टक् ऐकू येत होतं. मग बऱ्याच वेळानं फळी उचकटल्याचा आवाज आला. ते बाहेर आले तेव्हा टाय सैल झाला होता आणि हातात ती खुंटी होती. शेजारच्या ओल्या दगडावर ते कोटासकट बसले. उत्तरेच्या टोकाला, जिथून खुंटी सुटली तिथं, कधीतरी कुणीतरी वरून चांगली फळी मारून आतली मोठी तुळई झाकून टाकली होती. फळीच्या मागे ती कुजून भुसा झाली होती. वरून खुंटी वाजवली तर आवाज घट्टच यायचा.

मी रडत रडत सॉरी म्हणाले. ते म्हणाले, "इतकी वर्षं मी याचे दात वाजवून बघतोय. हिरडी सडलीय, हे तुम्ही नाचलात म्हणून कळलं."

मी विचारलं, आता तुम्ही हे त्यांना सांगणार का? त्यांनी हातातली खुंटी उलटीपालटी करून पाहिली. फळी पुन्हा बसवली असती तर कुणाला काही दिसलं नसतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. त्यांच्या पेशातला एक नियम आहे, असं शेवटी ते म्हणाले, की सडलेल्या दातावर सोन्याची टोपी घालायची नाही.

काउंटीच्या सभेत ते स्वतःच उभे राहिले आणि सगळं सांगितलं, तुळईसकट, लेझमीसकट. काउंटीचा इंजिनिअर बारीक, चष्मेवाला, कमी बोलणारा माणूस होता. तुळईचं ऐकून त्यानं नकारार्थी मान हलवली. मग त्यानं विचारलं की नाचणारे किती होते, आणि बाबा उठले. बाबा त्या आठवड्यात नीट झोपले नव्हते. हमी त्यांची होती. बाबांनी सांगितलं किती होते, किती वेळ नाचले, केवढा झोका होता. त्या माणसानं ते आकडे वहीत उतरवून घेतले. मग म्हणाला, "आणि तो परत सरळ उभा राहिला?"

"होय," बाबा म्हणाले. "एक तुळई कुजलेली असताना."

अशी चाचणी घ्यायची आपली कधी हिंमत झाली नसती, असं तो म्हणाला. पूल पाडायचा निर्णय वर्षभर पुढे गेला. तेवढ्यात तुळई बदलली तर पूल राहील, नाहीतर नाही. आणि एक अट.

ते वर्ष म्हणजे आमच्या मंडळाचं सर्वांत गौरवशाली आणि सर्वांत हास्यास्पद वर्ष. ज्यांनी भारतात कधी खिळा ठोकला नव्हता असे काका लोक शनिवारी डबे घेऊन पूल दुरुस्तीला यायचे. कामाआधी समिती नेमली जायची, समितीत फूट पडायची, आणि दोन्ही गट वेगवेगळ्या टोकांना रुसून काम करायचे, त्यामुळे काम मात्र भराभर झालं. गावातले सुतार शिकवायचे, आई आणि मावश्या मोठ्या पातेल्यात पिठलं करायच्या, आणि हळूहळू ते सुतार पिठलं असेल त्याच शनिवारी यायला लागले. डॉक्टरांच्या मंडळातले ते कधीच न येणारे गृहस्थही आले. नवी तुळई बसली त्या दिवशी डॉक्टरांनी हातोडा माझ्या हातात दिला आणि शेवटची खुंटी मला ठोकायला लावली. माझा पहिला घाव अंगठ्यावर बसला. जुनी, सुटलेली खुंटी त्यांनी मला देऊन टाकली. ती आजही माझ्या स्वयंपाकघरात आहे. चहाचं आलं ठेचायला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

डॉक्टर जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाबाही गेले. गेल्या शरदात लेकीच्या मुलीला, अन्वीला, घेऊन मी पूल पाहायला गेले होते. ती नऊ वर्षांची आहे, मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत देते. पूल तांबडा आणि ताठ आहे, गाड्या थांबवून लोक फोटो काढतात. तोंडाशी घोड्यांची जुनी पाटी आहे आणि तिच्याखाली डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली दुसरी. काउंटीची अट ती हीच. अन्वीनं ती मोठ्यानं वाचली: या पुलावर एका तालात नाचण्यास मनाई आहे.

पाटीशेजारी एक तरुण गाइड प्रवाशांना सांगत होता की जुन्या काळी इथले धर्मनिष्ठ लोक नाचगाण्याच्या फार विरोधात होते. खरी हकीकत माझ्या ओठांवर आली होती. पण कुणाच्या तरी इतिहासाचा मी भाग झाले होते आणि तेही धर्मनिष्ठांच्या जागी, तेव्हा गप्प बसले.

"आजी, हू वुड ईव्हन डू दॅट?" अन्वी हसत म्हणाली.

"होती एक मुलगी," मी म्हटलं. "साताऱ्याची. गळ्यात शिट्टी होती तिच्या."

"वॉज शी गुड?"

मला वाटलं होतं, मी हसून उत्तर देईन. पण तिचा हात धरून मी आत शिरले. तोच गारवा होता, तोच वास. उत्तरेच्या टोकाची तुळई आता बाकीच्या लाकडासारखीच काळी पडली आहे. कुठली नवी ते माहीत असलेल्यालाच कळतं. मी वाकून चपला काढल्या आणि दुसऱ्या हातात घेतल्या. अन्वीनं माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता स्वतःचे बूट काढले. आम्ही मध्यावर आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिची आणि माझी पावलं जुळली आहेत, डावं-उजवं, डावं-उजवं.

मी एक पाऊल चुकवलं.